गेटवर उभा असलेला माणूस गैरहजर कसा?

मा. संपादक, स.न.

नवीन कामगार संहितांवरचा तुमचा लेख वाचला. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता लागू, चाळिशीच्या वरच्या कामगाराची वर्षातनं एकदा फुकट तपासणी मालकाने करायची वगैरे, चांगलंय. पण कोविडच्या लसीवरनं कामगारांचं जे झालं त्यावर एक ओळ नाही म्हणून लिहितोय. मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका कंपनीच्या टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांची हजेरी लावायला होतो, म्हणजे माझ्याच पेनाने झालंय ते.

27 नोव्हेंबर 2021 ला राज्य सरकारचा आदेश आला, त्यात आवारात कोणी नियम मोडताना दिसला तर आस्थापनेला 10 हजार दंड आणि आस्थापनेनेच मोडला तर 50 हजार. आमच्याकडे लगेच नोटीस, 1 डिसेंबरपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झाले नसतील तर गेट बंद. पर्मनंटवाल्यांचं जूनमध्येच कंपनीत कॅम्प लावून झालेलं, वर अंग दुखतंय म्हणून दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी. ठेकेदाराच्या पोरांना काय, तर तुमचं तुम्ही बघा. म्हणजे कोविनवर, लसीच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर, स्लॉट शोधायचा, जो चहा ओतेपर्यंत संपायचा, नाहीतर खाजगीत 780 रुपये मोजायचे.

पॅकिंगला नांदेडकडचा एक पोरगा होता. त्याला पहिला डोस मिळाला 20 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. कोविशिल्डला 84 दिवस थांबायचं हा नियम सरकारचाच, म्हणजे दुसरा डोस 13 डिसेंबरला, त्यावर चौदा दिवस धरा, 27 तारीख. रविवार सोडून 22 खाडे पडले. पहिले तीन दिवस तो डबा घेऊन आला, वॉचमनने मोबाईलवरचं सर्टिफिकेट बघून परत पाठवला आणि मी मस्टरवर ए मारला, म्हणजे गैरहजर. माणूस काचेतनं मला दिसतोय आणि मी ए मारतोय! वर हे खाडे 240 दिवसांच्या हिशोबातनंपण गेले (वर्षात तेवढे दिवस भरले तरच नोकरी सलग धरतात), ठेकेदाराला बरंच झालं की.

मी लसीच्या विरोधात नाही हां, माझे दोन्ही डोस आणि बूस्टरपण झालाय, आणि शेजारी उभं राहून काम करायचं तर लस घ्यायलाच पाहिजे असंच माझं मत आहे. पण भुर्दंड कोणी भरायचा? सुप्रीम कोर्टाने 2 मे 2022 ला सांगितलं की लसीची सक्ती कोणावर करता येणार नाही, आणि साथ कमी आहे तोवर खाजगी संस्थांनीपण आपले निर्बंध परत तपासावेत. तेही सुचवलं फक्त. आणि तोवर राज्याने गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळे निर्बंध उठवलेले, त्या 22 दिवसांचं कोण विचारतोय.

अमेरिकेत शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांसाठी असाच नियम काढलेला, तो तिथल्या सुप्रीम कोर्टाने 13 जानेवारी 2022 ला रोखला. पण त्या नियमातच लिहिलेलं होतं की प्रत्येक डोससाठी चार तासांपर्यंत पगारी वेळ द्यायचा आणि ताप आला तर पगारी रजा. आपल्याकडे संहितांच्या नियमांत एवढंच टाका, की लस पाहिजे असेल तर कंपनीने द्यायची, ठेक्यावरच्यालापण, आणि सरकारी अंतरामुळे डोस राहिला असेल तर ते दिवस हजेरीत धरायचे.

तो पोरगा पुढे होळीला गावी गेला तो परत आलाच नाही. त्याचा गेटपास बरेच दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

– एक वाचक, भोसरी