गावाचा खेळ म्हणून हिणवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हर्लिंगवरचा, म्हणजे लाकडी काठीने चेंडू मारायच्या आयर्लंडच्या खेळावरचा लेख काल ई-पेपरवर वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. लेखाचा पहिला अर्धा भाग चांगला जमलाय. डब्लिनच्या क्रोक पार्क या मोठ्या मैदानाचं वर्णन, जुलैतल्या अंतिम सामन्याचा माहोल, सगळं नेटकं. पण मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताच्या ज्युनियर क्लब स्पर्धेकडे वळल्यावर लेखकाने ताळतंत्र सोडलं. ‘तिसऱ्या दर्जाच्या खेळाडूंची गावकी’ असे शब्द वापरले, आणि वर ‘पॅरिशच्या शिवेत अडकलेल्या या खेळात बाहेरच्याला थारा नाही’ असा शेराही मारला (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर). संपादक महोदय, ही वाक्यं तुमच्या टेबलावरून पुढे कशी गेली?

मी मूळची विट्याची. आता आयर्लंडमधल्या कॉर्क काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, उत्तर भागात एका लहानशा गावात राहते. नवरा औषध कंपनीत आहे, मी नर्सिंग होममध्ये काम करते. आमचा मुलगा इथल्या क्लबच्या अंडर-इलेव्हन संघात खेळतो. त्यामुळे बाहेरच्याला थारा आहे की नाही, हे मला मुंबईत बसून लिहिणाऱ्याने सांगायची गरज नाही.

पॅरिशचा नियम लेखकाला भिंत वाटली. त्याच नियमामुळे आम्ही आत आलो. तुम्ही ज्या पॅरिशमध्ये राहता, तो तुमचा क्लब. तुमचा बाप कोण, आडनाव काय, खेळता येतं का, हे कोणी विचारत नाही. क्रिकेटसाठी आम्हाला कॉर्क शहर गाठावं लागतं आणि तिथे गेल्यावर भेटतात निम्मे आपलेच लोक. हर्लिंगचं मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या दिवशी मुलगा माझ्यामागे लपून उभा होता. क्लबच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी कोपऱ्यातल्या ढिगातून एक जुनी हर्ली, म्हणजे खेळायची काठी, काढली, त्याच्या शेजारी उभी धरली, वरचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं का ते पाहिलं. नाही आलं. दुसरी काढली. तीही ठेवून दिली. तिसरी बरोबर बसली. तिच्या रुंद टोकावर पत्र्याची पट्टी ठोकलेली होती, मुठीची टेप सुटत चालली होती. ती टेप त्यांनी तिथल्या तिथे नवी गुंडाळली, डोक्याला हेल्मेट चढवलं आणि पोराला मैदानात पाठवलं. पैसे विचारले तर हातानेच ‘नको’ म्हणाले.

2025 च्या जुलैत डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला रस्त्यात बेदम मारहाण झाली. पाठोपाठ आणखी प्रकार घडले, दूतावासाने सावध राहण्याची सूचना काढली, डब्लिनचा इंडिया डे पुढे ढकलावा लागला. हे तुम्हीही छापलंत. त्या आठवड्यांत आम्ही पोराला सरावाला पाठवायचं बंद केलं होतं. तो दिसेना म्हणून त्याच्या संघाचे दोन प्रशिक्षक संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, आणि ‘आम्ही न्यायला येऊ, आम्ही आणून सोडू’ म्हणाले. तसं त्यांनी केलंही. आयर्लंडमध्ये सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही, इथे राहून मला ते म्हणता येणारही नाही. पण ज्या जागेने आम्हाला त्या दिवसांत धरून ठेवलं, नेमक्या त्याच जागेवर तुमच्या लेखकाने बोट ठेवावं हे मला सहन झालं नाही.

आणि पुरावाच हवा असेल तर तो सगळ्यांसमोर आहे. 2005 साली कॉर्कने ऑल-आयर्लंड ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकली तेव्हा कर्णधार शॉन ओग ओ हाल्पिन होता. त्याचा जन्म फिजीच्या रोटुमा बेटावरचा, आई तिथलीच. करंडक घेताना तो आयरिश भाषेत बोलला. वेक्सफर्ड काउंटीचा खेळाडू ली चिन, त्याचे वडील मलेशियाचे. झॅक मोराडी हा कुर्दी मुलगा इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, लीट्रिम काउंटीत येऊन हर्ली हातात घेतली आणि 2019 मध्ये क्रोक पार्कवर लीट्रिमबरोबर काउंटी संघांचा लॉरी मार करंडक जिंकला. यातलं एकही नाव लेखात नाही.

आता तो ‘तिसरा दर्जा’. सिनियर, इंटरमीजिएट आणि ज्युनियर अशा पायऱ्या आहेत हे खरं. यात वयाचा संबंध नाही, पस्तिशी ओलांडलेले गडीही ज्युनियरमध्ये खेळतात. लहान गावांत माणसंच कमी, म्हणून ते क्लब त्या पायरीवर. कॉर्क, केरी, लिमरिक, टिपरेरी, क्लेअर, वॉटरफर्ड या सहा काउंट्यांतून एकेक क्लब पुढे येतो. हरला की घरी. लेखात म्हटलंय की जुलैनंतर हंगाम संपतो. 2022 पासून काउंटी संघांचा हंगाम आधी आणि क्लबचा नंतर अशी नवी विभागणी झाली, तेव्हापासून तर जुलैनंतर क्लबचाच हंगाम असतो. प्रांताचे सामने हिवाळ्याच्या तोंडावर होतात, चिखलात आणि पावसात.

अशाच एका उपांत्य सामन्याला आम्ही गेलो होतो. शेजारच्या घरातला धाकटा मुलगा आमचा फुलबॅक, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू. धंद्याने वायरमन. आदल्या रात्री आमच्या घरातली वीज गेली, तेव्हा नऊ वाजता फोन केल्यावर लगेच आला आणि फ्यूज बोर्डापुढे गुडघ्यावर बसून दोन तास काम करत राहिला. ‘उद्या मॅच आहे, सोड, मेणबत्ती लावू’ असं मी दोनदा म्हटलं. ‘पोराला अंधारात झोपवणार का’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोच गडी गोलसमोर उभा. साठ मिनिटांनंतर बरोबरी, मग दहा-दहा मिनिटांचा जादा वेळ. दुसऱ्या डावात समोरच्याच्या हर्लीचा फटका थेट त्याच्या बोटांवर बसला. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो, आवाज आम्हाला ऐकू आला. त्याने हात एकदा मांडीवर दाबला, हर्ली दुसऱ्या हातात घेतली आणि पुढचा उंच चेंडू तीन माणसांतून वर हात घालून पकडला, त्याच बोटांनी. एका पॉइंटने जिंकलो. सोमवारी सकाळी तो आमच्याकडे राहिलेलं काम पुरं करायला आला तेव्हा दोन बोटं एकत्र बांधलेली होती आणि स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात होता.

या माणसाला खेळायचा एक युरो मिळत नाही. क्रोक पार्क भरवणाऱ्या काउंटीच्या खेळाडूंनाही मानधन नाही, 1884 साली थर्लसला जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, हा खेळ चालवणारी संघटना) स्थापन झाली तेव्हापासून तो हौशी लोकांचा खेळ आहे. शिवाय ज्युनियरवाल्याचं तर नावही कुठे छापून येत नाही. तो जर्सीवरच्या गावासाठी खेळतो. त्याला तुमचा लेखक तिसऱ्या दर्जाचा म्हणतो.

बॅलीगिब्लिनचं नाव तरी घ्यायचं होतं. मिचेल्सटाउनजवळचा लहानसा क्लब. 2022 च्या फेब्रुवारीत ऑल-आयर्लंड ज्युनियरच्या अंतिम सामन्यात किलकेनीच्या मूनकॉइनकडून हरले. क्रोक पार्कवर हरून परत गावात येणं काय असतं ते इथल्या लोकांना विचारा. तेच खेळाडू पुन्हा काउंटी जिंकून, पुन्हा मन्स्टर जिंकून 2023 च्या जानेवारीत तिथेच उभे राहिले आणि स्लायगोच्या ईस्कीला हरवून करंडक घेऊन आले. स्लायगो म्हणजे हर्लिंगच्या नकाशावर फारसा कोणी न शोधणारा भाग, तिथला क्लब अंतिम फेरीपर्यंत आला ही तर त्याहून मोठी बातमी होती. असा विषय हातात असताना लेखकाने सगळी जागा पर्यटकांच्या बिअरला दिली.

लिहिते आहेच तर आणखी एक गोष्ट मनातली सांगते. माझे वडील विट्याला खो-खो खेळायचे. तेव्हा आपल्या अंकात तालुक्याच्या सामन्यांचे निकाल यायचे, खेळाडूंच्या नावांसकट. ती कात्रणं आईने ट्रंकेत जपली आहेत. आता सांगली आवृत्तीत मी शोध शोध शोधते, पण आयपीएलच्या लिलावाखेरीज काही सापडत नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा दोन दिवस फोटो छापलेत आणि विषय संपला. हे खेळाडू कुठल्या मंडळात घडले, त्या मंडळांकडे मैदान आहे का, संध्याकाळी दिवे आहेत का, हे कोणी लिहिलं? आपल्या गावच्या खेळाला जागा न देणाऱ्या पानावर दुसऱ्याच्या गावच्या खेळाची टिंगल व्हावी याचं नवल वाटत नाही, दुःख मात्र होतं.

माझी मागणी दोनच ओळींची आहे. मन्स्टरच्या ज्युनियर स्पर्धेबद्दलची ती दोन विधानं मागे घ्यावीत, आणि दुरुस्ती पुरवणीतच, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यावी. आतल्या पानावर खाली कोपऱ्यात नको. खो-खोचे निकाल पुन्हा कधी सुरू करताय तेही कळवा, वडील रोज सकाळी अंक मागच्या पानापासून उघडतात.

आपली,
एक नियमित वाचक
कॉर्क, आयर्लंड (मूळ गाव विटा, जि. सांगली)