मंत्री महोदय, अमेरिकेचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून हे खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला आपण आलात, मुलींच्या हाती स्वतः करंडक दिलात, याबद्दल आभार. त्या भाषणात आपण दोन गोष्टी बोललात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत अमेरिकेसारखी क्रीडासंस्कृती उभी करू, आणि मानधनावरच्या एकाही प्रशिक्षकाला दिवाळीनंतर घरी बसावं लागणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. दिवाळी झाली. गेल्या आठवड्यात कार्यालयातून फोन आला की निधी नाही, नेमणुकीचा पुढचा आदेश निघणार नाही, साहित्याच्या खोलीची किल्ली जमा करा.

शिवाय आमची मॅट. आपल्या स्वागतासाठी ती मंडपात अंथरली गेली आणि लोखंडी खुर्च्यांचे पाय रुतून तिचे चौकोन फाटले. परवा त्याच फटीत माझ्या डाव्या कोपऱ्याच्या मुलीचा पाय अडकला. घोटा मुरगळला. विद्यापीठ संघाची निवड तोंडावर आहे आणि ती घरी पाय सुजवून बसली आहे. तिच्या बापाला काय सांगू, सांगा.

मी मुलींना पकड शिकवते. चढाईवाल्या मुलीचा फोटो पेपरात येतो. तिला अडवणाऱ्या चौघींची नावं छापून येत नाहीत, मग त्यांना शिकवणारीचं कोण विचारणार! म्हणून अमेरिकेचं नाव निघालं तेव्हा मी कान टवकारले. माझा भाचा व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला शिकायला होता. त्यानंच मला तिथल्या विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक बड फॉस्टर यांच्याबद्दल सांगितलं. आपण ज्या संस्कृतीचं नाव घेतलंत ती या माणसाच्या नोकरीत दिसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्यांचा फुटबॉल वेगळा. समोरच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं आणि त्याला रोखायला बचावाचे अकरा जण उभे राहतात. फॉस्टर त्या अकरा जणांचे गुरू. केंटकीतल्या मरे स्टेट विद्यापीठात ते खेळले, तिथेच मदतनीस म्हणून लागले आणि 1987 मध्ये मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्याबरोबर ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आले. पहिल्याच हंगामात अकरापैकी दोन सामने जिंकले. 1992 मध्ये, म्हणजे सहाव्या वर्षी, पुन्हा दोनच. आपल्याकडे काय झालं असतं? विद्यापीठानं बीमरना ठेवलं, फॉस्टरही राहिले. 1993 पासून तो संघ सलग 27 हंगाम मोसमाअखेरच्या मानाच्या बाउल सामन्याला पात्र ठरला. 1999 च्या हंगामात तर राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला. फ्लोरिडा स्टेटकडून 46-29 हरला, ते सोडा.

1995 मध्ये बचावाची सूत्रं फॉस्टर यांच्याकडे आली, सुरुवातीला आणखी एका प्रशिक्षकाबरोबर विभागून. तेव्हापासून खाणमजुराचा पत्र्याचा जेवणाचा डबा ही त्या बचावफळीची खूण झाली. खेळाडू तो सामन्याला घेऊन जात. त्या डोंगराळ भागात कोळशाच्या खाणी आहेत, तिथल्या लोकांना त्या डब्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. 2006 मध्ये फॉस्टर यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. तो देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकासाठी असतो. सहायकासाठी, साहेब! मुख्य प्रशिक्षक ते कधीच झाले नाहीत. 2015 च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाले, नवे मुख्य प्रशिक्षक आले, त्यांनीही फॉस्टरना सोडलं नाही. 2019 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा एकाच विद्यापीठात 33 हंगाम झाले होते.

मला अकरा महिन्यांचा आदेश मिळतो. बाराव्या महिन्यात मी कोणीच नसते. नवा आदेश येईपर्यंत मुलींना मी फुकट शिकवते, कारण घोटा कसा धरायचा हे अंगात उतरायला दोन-तीन वर्षं लागतात आणि मुलगी कॉलेजात असते तीनच वर्षं. साखळी करताना हात कधी सुटू द्यायचा नाही, चढाईवालीच्या कमरेकडे बघायचं की पायाकडे, हे कागदावर शिकवता येत नाही. मी खाली बसून, माझा घोटा त्यांच्या हातात देऊन शिकवलं. माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. जिना उतरताना कठड्याला धरते. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. विमा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. दौऱ्यावर माझं जेवण मुलींच्या भत्त्यातून निघतं, याची मला लाज वाटते. ही लाज माझी का असावी?

पैशांचं म्हणाल तर 2025 मध्ये पेन स्टेट विद्यापीठानं जिम नोल्स या बचाव प्रशिक्षकाला वर्षाला सुमारे 31 लाख डॉलर देऊन ओहायो स्टेट विद्यापीठातून आणलं. ढोबळ हिशेबानं पंचवीस कोटी रुपयांच्या वर. तेवढे कोणी मागत नाही. तिथला पैसा टीव्हीचा, तिकिटांचा, देणगीदारांचा असतो हे मला माहीत आहे, आणि एवढा पैसा फिरत असताना खेळाडूंना वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीवर भागवायला लावलं, तेही मला पटत नाही. त्यांचं सगळं आणा असं मी म्हणत नाही. माणूस टिकवतात, तेवढं आणा.

आपण टिकवत नाही, मग माणसं जातात. नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या मुलींना शिकवायला गेल्या. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात त्याच मुलींनी भारताला 27-24 हरवलं. आपल्याच मातीतलं शिक्षण आपल्याविरुद्ध उभं राहिलं. मी त्या रात्री रडले, आणि खरं सांगते, मला इराणच्या बाकावरच्या त्या बाईंचा अभिमानही वाटला. त्यानंतर एखाद्या तरी मंत्र्यानं विचारायला हवं होतं की प्रशिक्षक का जातात.

पण इथे मॅटपेक्षा मंडपाला जास्त खर्च होतो. खेळाडू जिंकून आली की बक्षीस जाहीर होतं, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. त्या मुलीला बारा वर्षांची असल्यापासून घडवणाऱ्यासाठी कुठला रकाना आहे? क्रीडा संकुलांच्या कोनशिला बसतात, आत प्रशिक्षकाचं पद भरलेलं नसतं. शिक्षकांची पदं रिकामी, ग्रंथपालांची रिकामी, कॉलेजं तासिकेवर आणि मानधनावर चाललेली. तासाला पैसे मोजून शिकवणारा माणूस मुलीच्या तीन वर्षांचा विचार कधी करणार? सगळ्या राज्यानं शिक्षण रोजंदारीवर काढलं आहे आणि वर आम्हालाच समर्पणाचे धडे दिले जातात.

माझं मागणं थोडं आहे. प्रशिक्षकांचे आदेश किमान तीन वर्षांचे काढा, म्हणजे एका मुलीचं कॉलेज एका प्रशिक्षकाकडे पूर्ण होईल. विमा द्या. आणि राज्यात मानधनावर किती प्रशिक्षक आहेत, कोणाचे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत, आदेश कोणत्या टेबलावर अडले आहेत, याची यादी नावानिशी जाहीर करा. ती जाहीर होईपर्यंत किल्ली मी जमा करणार नाही. कारवाई करायची असेल तर करा.

आपली,
मुलींच्या कबड्डी संघाची एक पकड-प्रशिक्षक