हौसेची मासळी बाजारात नको

संपादक महोदय,

‘एक गळ टाकून बसणारा हौशी माणूस समुद्रातून असं किती नेणार?’ हे वाक्य मी नेहमी ऐकते. मी लहान होडीवाल्याच्या घरातली. नवरा आणि दीर समुद्रावर जातात; मासळी विकणं आणि हिशेबाची वही माझ्याकडे.

परवाची सकाळ सांगते. रात्रभर राबून आणलेल्या दोन पाट्या पुढ्यात होत्या. नेहमीचा व्यापारी आला, कल्ले उचकून पाहिले आणि म्हणाला, “आज नको, मिळालीय.” त्याच्या टेम्पोत एक थंड पेटी होती. आत हातभर लांबीचे मासे, अंगावर जाळ्याचा ओरखडा नाही, फक्त जबड्यात गळाचं भोक. आदल्या दिवशी सुट्टी होती, हे वेगळं सांगायला नको. हौसेने धरलेला मासा विकून पेट्रोल सुटलं की त्या माणसाचं भागतं. माझ्या पाटीतून डिझेल, बर्फ, जाळ्याचा दोरा, इंजिनचा हप्ता आणि दोन माणसांचा वाटा निघायचा असतो. त्याच्या भावात मला विकता येत नाही आणि मासळी राखूनही ठेवता येत नाही.

मोठी जहाजं खोल पाण्यात जातात. आमची होडी किनाऱ्याजवळच्या खडकांपाशीच फिरते, आणि हौशी मंडळीही नेमकी तिथेच येतात. त्यांना हवा असतो मोठा मासा; बऱ्याच जातींत तोच सर्वांत जास्त अंडी देतो.

अमेरिकेतल्या २००२ सालच्या पकडीचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात २००४ मध्ये आला होता. समुद्रातल्या एकूण पकडीत हौशी वाटा जेमतेम ४ टक्के. पण ज्या माशांची स्थिती चिंताजनक होती, त्यांत २३ टक्के, आणि मेक्सिकोच्या आखातात तर ६४ टक्के! नुसती एकूण बेरीज पाहिली तर हे दिसतच नाही. आमची मासळी तोलली जाते, लिहिली जाते. त्यामुळे मासे घटले की बोट आधी आमच्याकडे वळतं.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. माझा दीर सुट्टीच्या दिवशी गळवाल्यांना होडीतून फिरवतो, त्या पैशावर घरातले काही महिने निभावलेत. शिवाय गळ टाकून शांत बसण्यातला आनंद मलाही कळतो. धरलेला मासा त्यांनी घरी न्यावा, शेजाऱ्यांना द्यावा, लहान असेल तर सोडावा. विकू मात्र नये.

युरोपीय संघाने २००९ च्या नियमावलीतच हौशी पकडीच्या विक्रीला मनाई केली. २०२३ च्या सुधारणेत हौशी मासेमारांची नोंदणी आणि काही जातींच्या पकडीची नोंद हेही आणलं. तसा नियम सगळीकडे हवा, आणि तो विकणाऱ्याइतकाच विकत घेणाऱ्यालाही लागू हवा. त्या पेटीतली मासळी कुणाच्या होडीची, हे व्यापाऱ्याला विचारणारं कुणीतरी बाजारात उभं असलं पाहिजे.

– एक मासळी विक्रेती