तुमच्या कोचना बदल्या मोजता येत नाहीत: हंगामी पासधारकांची तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
फुटबॉल संघाची मालक कंपनी

विषय: १० आणि ११ नंबरच्या खेळाडूंना मिळणारी वागणूक, मुख्य प्रशिक्षकांच्या चुका आणि ग्राहक कक्षाने काल दिलेलं उत्तर

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक कक्षाशी तिसऱ्यांदा बोलून झालं. आता फोन करणार नाही, लेखी देतोय. आम्ही रत्नागिरी, मालवण, कुडाळ आणि सावंतवाडीचे हंगामी पासधारक आहोत. पास २,४०० रुपयांचा, घरचे सामने आठ, पैकी चार झाले. खेळाडूंचे करार तुम्ही केलेत, कोच तुम्ही नेमलात, त्यामुळे कोण कुठल्या जागेवर खेळतो हे तुम्हाला सांगत बसत नाही. थेट तिसऱ्या घरच्या सामन्यावर येतो.

लीगच्या नियमपत्रिकेत आंतरराष्ट्रीय नियमच जसाच्या तसा घेतलाय: एका सामन्यात खेळाडूंच्या बदल्या पाच, पण त्या करायच्या जास्तीत जास्त तीन वेळा खेळ थांबवून, म्हणजे संधी तीनच. मध्यंतरात केलेली बदली या तिनांत धरत नाहीत. एकाच वेळी दोन किंवा तीन खेळाडू बदलले तरी संधी एकच खर्ची पडते. हा नियम मे २०२० मध्ये तात्पुरता आला आणि २०२२ पासून कायमचा झाला. नवा म्हणावा असा तो राहिलेला नाही.

आता तुमच्या कोचनी काय केलं ते बघा. उजव्या फुलबॅकला, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूला, ३८ व्या मिनिटाला पिवळं कार्ड मिळालं. त्याला बदलायचंच होतं तर मध्यंतरात बदलता आलं असतं, तिथे संधी फुकट असते. मध्यंतरात एकही बदली नाही. ५१ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं, पहिली संधी गेली. ५७ व्या मिनिटाला मिडफिल्डमधला एक बदलला, दुसरी गेली. ६२ व्या मिनिटाला ११ नंबरला बाहेर बोलावलं, तिसरीही संपली. तीन संधी, तीन माणसं. ५७ आणि ६२ यांत अंतर फक्त पाच मिनिटांचं. त्या दोन बदल्या एकत्र केल्या असत्या तर एक संधी हातात राहिली असती आणि शेवटच्या अर्ध्या तासात दोन ताजे खेळाडू आणता आले असते.

तेव्हा आपण १-० ने पुढे होतो. ११ नंबर डावीकडे असेपर्यंत त्यांचा उजवा फुलबॅक अर्धी रेषा ओलांडायला धजत नव्हता, कारण मागे मोकळी जागा सोडली की हा धावणार हे त्याला माहीत होतं. ११ नंबर बाहेर गेल्याबरोबर तो फुलबॅक वर चढला. ७१ व्या मिनिटाचा बरोबरीचा गोल त्याच बाजूच्या क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर आला. ७५ व्या मिनिटाला कूलिंग ब्रेक, म्हणजे पाणी प्यायची सुट्टी झाली. कोच, सहायक कोच, टीम मॅनेजर सगळे घोळका करून उभे होते, आणि किती संधी उरल्यात हे एकानेही कागदावर पाहिलं नाही. ७८ व्या मिनिटाला ९ नंबरच्या पोटरीत गोळा आला. ऑक्टोबरचा उकाडा, साडेतीनची किक-ऑफ, खारा दमट वारा, अशा हवेत शेवटच्या वीस मिनिटांत गोळे येणारच. त्याला बदलता येईना. उरलेला वेळ तो लंगडत त्यांच्या बॉक्सजवळ उभा राहिला. म्हणजे आपण दहाच जणांनी खेळलो.

आणि मग ८४ वं मिनिट. १० नंबरला हाक मारली. तो बेंचच्या टोकाला बिब (जर्सीवरून घालायचं बदली खेळाडूचं जाकीट) घालून बसला होता, बुटाच्या नाड्या सैल होत्या. घाईघाईने बिब काढला, शिनगार्ड मोज्यात सरकवले, नाड्या आवळल्या आणि रेषेवर येऊन उभा राहिला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. जांभ्याच्या गडग्यावर चढून बसलेली पोरं त्याच्या नावाने ओरडायला लागली. चौथ्या पंचाने बोर्ड हातात घेतला, स्वतःची वही पाहिली आणि मान हलवली. संधी संपल्या होत्या. कोच त्याच्याशी वाद घालत राहिले. १० नंबर मिनिटभर तसाच उभा राहिला, मग मान खाली घालून बेंचवर गेला. ८८ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला, पुन्हा डावीकडूनच. सामना १-२ ने गेला आणि दोन बदल्या न वापरता राहिल्या.

त्या पंचाने अडवलं ते एका अर्थी बरं झालं. १० नंबर हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, दुखापतीतून परत येत होता, तुमच्याच कंपनीने तसं जाहीर केलं होतं. हॅमस्ट्रिंग फाटतो तो बहुतेक वेळा पूर्ण वेगात पळताना, पाय पुढे टाकून जमिनीला टेकायच्या बेतात असतो तेव्हा. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटायची भीती परतल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त. म्हणून असा खेळाडू टप्प्याटप्प्याने आणतात: आधी सरळ पळणं, मग पूर्ण वेगाचे स्प्रिंट, मग दिशा बदलत पळणं, मग संघाबरोबर पूर्ण सराव, आणि त्यानंतर सामन्यात वीस-तीस मिनिटं. आत जाण्याआधी किमान दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायचं. फिफाचा ११ प्लस हा वॉर्मअप तर साधारण वीस मिनिटांचा आहे, पंधरा व्यायाम, तीन भाग, आणि तो कुठल्याही गावातल्या मैदानावर फारशा साहित्याशिवाय करता येतो. गोलपोस्टमागे बाकीचे बदली खेळाडू जॉगिंग करत होते, तेव्हा १० नंबरला उठवलंच नाही. ८४ मिनिटं बसवून थंड पायांनी आत पाठवायला निघाले होते. शहाणा कोच अशा खेळाडूसाठी ६५ वं मिनिट आधीच ठरवून ठेवतो, ५० व्या मिनिटाला त्याला उठवतो आणि एक संधी त्याच्यासाठी राखून ठेवतो.

पुढच्या दोन्ही सामन्यांत ११ नंबरला उजवीकडे खेळवलं. तो डावखुरा आहे. डावखुरे विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे खेळाडू, उजवीकडून आत येऊन गोलवर मारतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ती पद्धत चालायला दोन गोष्टी लागतात: त्या विंगरला आत वळून मारायची सवय हवी आणि त्याने रिकाम्या केलेल्या कडेवरून धावणारा फुलबॅक हवा. आपला ११ नंबर कडेने जाऊन बायलाईनवरून, म्हणजे गोलपोस्टच्या रेषेजवळून, क्रॉस टाकणारा आहे. त्याची सगळी कमाई पहिल्या तीन-चार पावलांच्या वेगात आहे. उजवीकडे तो बायलाईनपर्यंत पोचला तरी चेंडू डाव्या पायावर घ्यायला थांबावं लागतं, तेवढ्यात डिफेंडर पुढ्यात येतो. आणि आपला नवा उजवा फुलबॅक पुढे जातच नाही, कारण कोचनी त्याला मागे थांबायला सांगितलंय. मग ११ नंबर आत वळतो ते थेट तीन माणसांच्या घोळक्यात. चेंडू गेला की रेषेवरून कोच त्याच्यावरच ओरडतात. सामना संपल्यावर पत्रकारांसमोर म्हणाले, मोठ्या खेळाडूंना मेहनत नको असते.

मेहनतीचंच बोलायचं तर २०२२ चा विश्वचषक आठवा. मेस्सी सामन्यातला बराच वेळ चालत असतो, हे सगळं जग बघतं. अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीने त्याला पळायला लावलं नाही, त्याच्या शेजारी डी पॉलसारखा पळणारा ठेवला. सौदी अरेबियाशी पहिला सामना १-२ ने हरल्यावर बदल झाले ते मेस्सीच्या भोवतीचे. एन्झो फर्नांडेस आणि हुलियन अल्वारेझ संघात आले. मेस्सी सात गोल करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळाडूचं बलस्थान ओळखून बाकीच्यांची कामं वाटायची, कोच त्यासाठीच असतो.

तुमच्या प्रसिद्धी विभागाने शिस्तीसाठी मँचेस्टर युनायटेडचे जुने मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा दाखला दिला. २००३ मध्ये त्यांनी बेकहॅमला जाऊ दिलं, हे खरं. पण त्याच फर्ग्युसनचा दुसरा खेळाडू कँटोना. जानेवारी १९९५ मध्ये लंडनच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर त्याने प्रेक्षकाला लाथ मारली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच्यावर बंदी आली. याहून मोठा बेशिस्तीचा प्रकार कुठला? त्याने इंग्लंड सोडायचं मनात आणलं तेव्हा फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले आणि त्याची समजूत काढून आले. १ ऑक्टोबरला तो लिव्हरपूलविरुद्ध परतला, पेनल्टीवर गोल केला, आणि त्या हंगामात संघाने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल कँटोनाचा. फर्ग्युसनचं नाव घ्यायचं असेल तर पूर्ण घ्या. आपल्या १० आणि ११ नंबरने तर बेशिस्त काही केलेलीच नाही. सरावाला वेळेवर येतात, पंचांशी हुज्जत घालत नाहीत.

कर्णधाराची पट्टी ४ नंबरकडून काढली तेही आम्हाला पोस्टरवरून कळलं. त्यालाही तसंच कळलं असेल तर ती गोष्ट आणखी वाईट आहे.

आता कालचा फोन. आम्ही एकच प्रश्न विचारला होता: ६२ व्या मिनिटाला तिसरी संधी संपली, हे बेंचवर कोणाच्या लक्षात होतं आणि त्याची जबाबदारी कोणाची? उत्तर आलं, ‘बदल्या पाच असतात, तुम्ही नियम वाचा.’ नियम वाचून दाखवला. पलीकडून ‘हो का’ असं आलं, आणि नऊ मिनिटं तुमचं जाहिरातीचं गाणं ऐकवलं. त्या गाण्यात १० नंबरचं नाव चार वेळा येतं. मग दुसरे गृहस्थ आले. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्ही कोच आहात का?’ नाही म्हटलं. ‘मग खेळाडू निवड हा तांत्रिक विषय आहे. पास खुर्चीचा असतो, खेळाडूचा नसतो.’ आम्ही विचारलं, मग पासवर १० नंबरचा फोटो का छापला? मैदानाबाहेर, एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर त्याचेच फलक का लावले? त्यावर ते म्हणाले, ‘तुमची तक्रार १० नंबरच्या जर्सीबद्दल असेल तर सात दिवसांत बदलून मिळेल, टॅग असायला हवा.’ आम्ही पुन्हा सांगितलं की तक्रार जर्सीची नाही, माणसाची आहे. ‘जर्सीचा साइज काय?’ असं विचारलं त्यांनी! साइज! एका खेळाडूला सगळ्या मैदानासमोर रेषेवर उभं करून परत बसवलं, त्याबद्दल आम्ही बोलतोय, आणि तुमचा माणूस आमची छाती किती इंच ते विचारतोय. पुढे म्हणाले, ‘खेळाडूवर इतकं प्रेम असेल तर त्याचे रील बघा, पेजवर आहेत.’ आणि फोन ठेवला.

सिंधुदुर्गात दशावतार बघायला जाणारा माणूस आधी विचारतो, आज राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, कोणाचा? ज्याचं नाव सांगून नाटक ठरवलं त्याला रात्रभर मेकअप करून रंगपटात बसवून ठेवलं, तर गावकरी पहाटेपर्यंत गप्प बसत नाहीत. मंडळीच्या मालकाला बोलावून समोरासमोर विचारतात. आम्ही तेच करतोय. कोचना खेळाडू बसवायचा अधिकार आहे, तो आम्ही नाकारत नाही. दुखापत असेल, फॉर्म नसेल, समोरचा संघ वेगळा असेल, तर बसवा. पण आधी खेळाडूला सांगा, मग आम्हाला. आणि निदान बदल्या मोजा! तीन संधी, पाच माणसं. गावच्या स्पर्धेत टेबलावर बसणारा मुलगाही वहीवर रेघा ओढून हे मोजतो.

आमच्या मागण्या. झाल्या प्रकाराचा खुलासा कोचच्या सहीने लेखी द्या, मराठीत. पुढच्या सामन्यापासून बेंचवर एका माणसाकडे बदल्यांचा तक्ता द्या, त्यात मिनिट, आत, बाहेर आणि उरलेल्या संधी लिहिलेल्या असाव्यात. त्याने ६० व्या आणि ७५ व्या मिनिटाला तो कोचना दाखवायचा. १० नंबरच्या परतीचे टप्पे फिजिओने ठरवावेत आणि त्यात कोचनी हात घालू नये. ११ नंबरला डावीकडे परत आणा. पत्रकारांसमोर खेळाडूंवर खापर फोडणं बंद करा. १० नंबरची जाहीर माफी मागा. आणि ज्या पासधारकांना यापुढे यायचं नाही, त्यांना उरलेल्या चार सामन्यांचे १,२०० रुपये परत करा.

हे पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही, आणि एकाच कारणाने नाराज असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणतात हेही त्याच कायद्यात लिहिलंय. पासवरचा फोटो, फलकांची छायाचित्रं आणि त्या सामन्याचा अधिकृत अहवाल आम्ही जपून ठेवलाय.

कोकणात फुटबॉल उभा राहावा म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी पास घेतले. तुमच्या संघाने आम्हाला खरोखर आनंद दिला होता. पहिल्या सामन्यात ११ नंबरने डावीकडून टाकलेला क्रॉस आणि १० नंबरने न थांबवता मारलेला चेंडू अजून डोळ्यांसमोर आहे. तो संघ तुमच्याकडे आजही आहे, बेंचवर आणि चुकीच्या बाजूला.

पुढचा घरचा सामना रविवारी साडेतीनला आहे. आम्ही येणार आहोत. उत्तर फोनवर देऊ नका.

हंगामी पासधारक
रत्नागिरी, मालवण, कुडाळ, सावंतवाडी

सोबत: पासच्या छायाप्रती, सामन्याच्या अहवालाची प्रत, तीन फोनच्या तारखा आणि वेळा