हिवाळ्याच्या भाडेकरूविषयी काकांस पत्र

सार्ला, दोर्दोन्य (फ्रान्स)
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. अंगणापलीकडचे घर हिवाळाभर स्वस्तात देण्यापेक्षा एकदाच वर्षाच्या करारावर देऊन मोकळे का होत नाही, असे तुम्ही विचारले आहे. कोथरूडचा फ्लॅट तुम्ही इतकी वर्षे चोख कागदपत्रे करून भाड्याने देत आला आहात, म्हणून तुम्हाला मोघम उत्तर पाठवणे बरे वाटले नाही.

वर्षाच्या करारावर न देण्याचे कारण उघड आहे. लास्कोच्या गुहाचित्रांची प्रतिकृती आणि नदीकाठचे किल्ले पाहायला येणारे पाहुणे जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवार अशा हिशेबाने घर घेतात, आणि त्या दिवसांत एका आठवड्याचे जे मिळते, तेवढे जानेवारीत महिन्याचे मिळाले तरी आम्ही समाधान मानतो. मग हिवाळ्यात द्यायचेच कशाला, तर घर नांदते राहावे म्हणून. चुनखडीच्या जाड भिंतींचे हे घर चार महिने बंद राहिले की आत ओल धरते, कपाटांच्या मागे बुरशी येते, उंदीर माळा ताब्यात घेतात, आणि पारा शून्याखाली गेला की नळ फुटण्याची धास्ती असते. पाणी बंद करून नळ रिकामे केले तरी थोडी ऊब ठेवावीच लागते, आणि तिचे बिल रिकाम्या घरासाठी भरताना जिवावर येते.

आता मुख्य मुद्दा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तुम्हाला लिव्ह अँड लायसन्सची सोय दिली आहे. करार लेखी करून नोंदवला की मुदत संपताच राहणाऱ्याने जागा सोडायची, आणि न सोडल्यास दुप्पट शुल्काने भरपाई द्यायची. त्यामुळे कागद नीट झाला की तुमची बरीचशी काळजी मिटते. येथे मात्र कागदावरच्या शीर्षकाने फारसे काही ठरत नाही. राहणाऱ्याचे मुख्य घर कोणते, हे आधी पाहिले जाते. ६ जुलै १९८९ च्या कायद्यानुसार, नोकरी किंवा आजारपण यांसारखी अडचण सोडल्यास, माणूस वर्षातून किमान आठ महिने जेथे राहतो ते त्याचे मुख्य घर. आणि सामानासह दिलेले घर भाडेकरूचे मुख्य घर असेल, तर करार किमान वर्षाचा करावा लागतो, विद्यार्थ्याशी असेल तर नऊ महिन्यांचा. आपण वर ‘हिवाळी करार, पाच महिने’ असे लिहिले आणि दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या, तरी वाद न्यायालयात गेल्यास तो वर्षाचाच करार ठरू शकतो. मग मुदतीच्या तीन महिने आधी लेखी नोटीस देऊन, घर विकायचे आहे, स्वतः राहायचे आहे किंवा तितकेच सबळ दुसरे कारण आहे, असे सांगावे लागते, आणि उन्हाळ्यात जास्त पैसे मिळतात हे त्या कारणांत बसत नाही. त्यातून १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात न्यायालयाचा आदेश हाती असला तरी भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. कोणाला ऐन थंडीत रस्त्यावर आणू नये हा नियम मला मनापासून पटतो. पण आमचा भाडेकरू नेमका याच महिन्यांत घरात असतो, हे मालकाने विसरून चालत नाही.

म्हणून आम्ही भाडे किंवा माणसाचा चांगुलपणा यांच्याही आधी एकच विचारतो की तुमचे घर कोठे आहे. ज्याचे खरोखर दुसरीकडे घर आहे आणि जो तेथील कराची किंवा विजेची पावती दाखवू शकतो, त्याच्याशी दिवाणी संहितेखाली मोकळा करार करता येतो. पर्यटकांसाठीचा हंगामी करारही असतो, पण तो एका माणसाशी सलग ९० दिवसांच्या पुढे चालत नाही. तिसरा मार्ग २०१८ च्या कायद्याने आला. त्याला येथे ‘बाय मोबिलिते’ म्हणतात. प्रशिक्षण, उच्चशिक्षण, बदली किंवा तात्पुरती कामगिरी अशा ठरावीक कारणांसाठी आलेल्या माणसाला एक ते दहा महिन्यांसाठी घर देता येते. त्याचे नूतनीकरण होत नाही. मुदत फार तर एकदा बदलता येते, तीही एकूण दहा महिन्यांच्या आत. मात्र कारण करारात नमूद नसेल, तर तो पुन्हा साध्या वर्षाच्या करारात मोडतो.

या पानझडीत दोन विचारणा आल्या. पहिली एका बेल्जियन जोडप्याची. दोघे अतिशय सालस, वेळच्या वेळी पैसे देतील असे. जवळच पडके घर विकत घेतले आहे आणि छप्पर होईपर्यंत राहायला जागा हवी आहे. बोलता बोलता कळले की बेल्जियममधले घर त्यांनी विकून टाकले आहे. म्हणजे आमचेच घर त्यांचे मुख्य घर झाले असते, आणि गवंड्याची तारीख लांबली (ती येथेही लांबतेच) की आमचे ईस्टरचे पाहुणे दारात उभे राहिले असते. जड मनाने नाही म्हटले. दुसरा एक तरुण, सार्लाच्या जुन्या घरांवर दिसतात तशी दगडी चिपांची छपरे बांधायला शिकणारा. प्रशिक्षणसंस्थेचे पत्र त्याने पहिल्याच भेटीत पुढे ठेवले. त्याच्याशी १५ ऑक्टोबर ते २० मार्च असा ‘बाय मोबिलिते’चा करार ठरला आहे.

या करारात अनामत रक्कम घेता येत नाही, हे वाचून तुम्ही चश्म्यावरून माझ्याकडे पाहाल, हे मला येथून दिसते आहे. (साध्या सामानासहित करारात दोन महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते.) त्याऐवजी ‘विझाल’ नावाची हमी आहे, ती भाडेकरूला फुकट मिळते आणि थकलेले भाडे व नुकसान भरून देते. हमीचा दाखला हाती आल्याशिवाय मी सही करणार नाही.

खरी कटकट उबेची आहे. या करारात इतर खर्च ठोक रकमेत धरावे लागतात आणि नंतर मीटर पाहून फरक मागता येत नाही. वीज त्या रकमेत घातली, तर हीटर पेटवून खिडकी उघडी ठेवणारा भाडेकरू मी पाहिला आहे. म्हणून विजेची जोडणी आता भाडेकरूच्याच नावावर करायची, आणि किल्ली देताना मीटरचा आकडा दोघांनी लिहून घ्यायचा. लाकूड पहिल्या खेपेला आम्ही देतो, पुढचे त्याने आणायचे. दोन वर्षे वाळलेले ओकच जाळावे, ओल्या लाकडाने शेगडीची काच एका रात्रीत काळी होते आणि धुराड्यात काजळी धरते, हे त्याला उभे राहून दाखवले. धुराडे साफ केल्याचा दाखला फाइलला लावला आहे. कपडे घरात वाळवायचे तर हवेच्या झरोक्यांत बोळे कोंबू नयेत, हेही लिहून दिले आहे. नाहीतर श्रावणात आपल्या माजघरात येतो तसा कुबट वास येथे डिसेंबरातच सुटतो.

सामानाची यादी २०१५ च्या फर्मानाने ठरवून दिली आहे: रजई, झोपायच्या खोलीत उजेड अडवणारे पडदे किंवा झडपा, स्वयंपाकाची शेगडी, फ्रिज, भांडी, अगदी झाडूपोछासुद्धा. पाहुण्यांसाठी हे सारे होतेच. घराला ऊर्जेच्या वापरावरून ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी देणाऱ्या दाखल्याने मात्र आम्हाला घाम फोडला. ‘जी’ श्रेणीचे घर १ जानेवारी २०२५ पासून अशा कराराने देता येत नाही आणि २०२८ पासून ‘एफ’ही बाद होईल. माळ्यावर ऊब धरणारा जाड थर घातल्यावर आमचे घर ‘ई’त बसले. कराचे सांगायचे तर, अधिकृत तारांकित दर्जा न घेतलेल्या पर्यटक घराच्या उत्पन्नावर यंदापासून ३० टक्केच वजावट मिळते, हिवाळ्याच्या या भाड्यावर मात्र ५० टक्के. रक्कम लहान असली तरी तेवढाच दिलासा.

ईस्टरचे पहिले पाहुणे ४ एप्रिलला, शनिवारी येतील. मधल्या दोन आठवड्यांत भिंतींना चुना आणि गाद्यांना ऊन द्यायचे आहे. कोथरूडचा करार डिसेंबरात संपतो ना? नव्या कराराची प्रत मला पाठवा; तुमच्या दुरुस्तीखर्चाच्या कलमाचे शब्द मला येथे वापरता येतात का, ते पाहीन.

सौ. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची पुतणी