फळांची करंडी नको, आठवड्यातली एक दुपार हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जागतिक कर्करोग दिनानिमित्त, म्हणजे 4 फेब्रुवारीला, कर्करुग्णांना फळवाटप केल्याची तीन छायाचित्रे आपल्या दैनिकाच्या शहर पानावर एकाच दिवशी पाहिली. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला मुळीच शंका नाही. परंतु बँकेतून निवृत्त झाल्यापासून गेली सहा वर्षे मी परळ-दादर भागातल्या, बाहेरगावच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना उतरायला जागा देणाऱ्या एका धर्मशाळेत आठवड्यातून दोन दुपारी स्वयंसेवक म्हणून जातो आणि त्या फळांचे पुढे काय होते ते पाहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

धर्मशाळेत उतरणाऱ्या पुरुषांमध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात. (राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, ती पानटपरीपर्यंत किती पोचली, हे वाचकांना ठाऊकच आहे.) शस्त्रक्रियेनंतर किंवा शेक (किरणोपचार, रेडिएशन) चालू असताना ज्याचा जबडा बोटभरही उघडत नाही आणि ज्याला नाकातल्या नळीवाटे अन्न द्यावे लागते, अशा माणसाच्या मांडीवर सफरचंद ठेवून छायाचित्र काढले जाते. ज्यांची किमो चालू आहे त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की संसर्गाच्या भीतीने सालीसकट खायची फळे आणि कच्ची कोशिंबीर टाळायला डॉक्टर सांगतात. नेमकी तेव्हाच द्राक्षांची पेटी येते. शेवटी ती फळे सोबतचे नातेवाईक खातात, आणि त्यांनी ती खावीत हे योग्यच आहे, पण मग ती त्यांच्यासाठी म्हणूनच आणावीत.

या नातेवाइकांना काय हवे असते, याचे एक उदाहरण देतो. जालन्याकडच्या एक बाई नवऱ्याला घेऊन दोन महिने राहिल्या होत्या. नळीतून द्यायचे अन्न म्हणजे डाळ-तांदूळ मऊ शिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, दोनदा गाळायचे, कोमट झाले की सिरिंजने सावकाश नळीत सोडायचे, मागोमाग पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर ती तुंबते, आणि त्यानंतर रुग्णाला अर्धा तास टेकून बसते ठेवायचे. हे दर दोन-अडीच तासांनी करायचे, आणि मजल्यावर मिक्सर एकच. मी काही मदत करू का, असे विचारल्यावर त्या बराच वेळ घुटमळल्या आणि मग म्हणाल्या, “भाऊ, डोक्यावरून पाणी घेऊन अकरा दिवस झाले. मी केस धुऊन येते, तोवर यांच्यापाशी बसाल का?” मी चाळीस मिनिटे बसलो. त्यांच्या यजमानांना बोलता येत नव्हते. त्यांनी पाटीवर लिहिले, ‘कापसाला काय भाव?’ माझा जन्म लालबागचा, कापूस मी फक्त गिरणीच्या भोंग्यापुरता ओळखतो, पण मोबाईलवर जालना बाजार समितीचा भाव शोधून दाखवला. ते त्यावर नाराज दिसले, भावावर असावेत. पुढच्या प्रत्येक खेपेला तो भाव पाहून जाणे हे माझे काम झाले.

परळला टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले, तेव्हापासून देशभरातून माणसे उपचारासाठी इथे येत आहेत आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थाही या शहरात उभ्या राहिल्या आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून काम करते आहे, आणि वांद्र्याचे शांती आवेदना सदन तर 1986 साली सुरू झालेले देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणारे ठिकाण. मदतीची परंपरा आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. उणीव आहे ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, न चुकता येणाऱ्या माणसांची.

अशा माणसांना कामे बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक अगदी साधी आहेत. कर्करुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर आणि एसी थ्री टियरचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते; त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार कार्डावरचे नाव जुळावे लागते. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ या दोन नावांमुळे एखाद्याची फाईल अडून राहते, तेव्हा गावाकडे कोणाला फोन करायचा, तलाठ्याला की ग्रामसेवकाला, हे सांगणारा माणूस हवा असतो. बँकेत तीस वर्षे नावातल्या तफावती तपासल्याचा उपयोग निवृत्तीनंतर असा होईल, असे मला वाटले नव्हते.

मात्र केवळ सदिच्छेच्या बळावर हे काम करू नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पहिल्याच वर्षी एका वृद्ध बाईंच्या सवलतीचा दाखला मी उत्साहाने थेट त्यांच्याच हातात दिला. ‘गाठ आहे, शेकाने जाईल’ एवढेच मुलाने आईला सांगितले होते. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून त्यावरचा ‘कैंसर’ हा शब्द वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला विचारले, “चहा घेणार का?” मुलगा माझ्याशी पुढे कधी बोलला नाही. रुग्णापासून आजार लपवावा की नाही, हा मोठा प्रश्न आहे. परंतु तो सोडवण्याचा अधिकार माझा नव्हता. रुग्णाला काय माहीत आहे हे आधी घरच्यांना विचारावे, तंबाखूचा हिशेब मागू नये, गव्हांकुर-गोमूत्राचे सल्ले देऊ नयेत, ‘आमच्या आत्यालाही हेच झाले होते’ ही कथा सुरूच करू नये, हे सारे शिकवावे लागते. मीही ते नंतरच शिकलो.

केरळने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. कोझिकोडला 1993 साली वेदनाशमनाचे जे काम सुरू झाले, त्यातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी विणली गेली. गावातल्याच लोकांनी थोडे प्रशिक्षण घ्यायचे, आठवड्याचे काही तास द्यायचे, घरी पडून असलेल्या रुग्णाकडे जायचे, आणि औषधपाणी-मलमपट्टी परिचारिका व डॉक्टरांवर सोपवायची. केरळ सरकारने 2008 मध्ये याविषयीचे धोरणच स्वीकारले आणि पंचायतींना त्यात ओढले. आपल्याकडे मात्र रुग्ण परळहून ‘आता घरी न्या’ असे ऐकून गाडीत बसला की त्याच्याशी मुंबईचा संबंध संपतो आणि गावाकडे तो कोणाच्या यादीवर नसतो. मॉर्फिनविषयीचा कायदा 2014 च्या दुरुस्तीने सुटसुटीत झाला, तरी वेदनेवरच्या या गोळीसाठी तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला किंवा त्याही पुढे जावे लागल्याचे मी नातेवाइकांकडून वारंवार ऐकतो. निदान आपल्या गल्लीत असा रुग्ण आहे हे चार शेजाऱ्यांना माहीत असेल, तर त्या गोळीसाठी जाणारा एखादा तरी निघेल.

आणि यासाठी परळलाच यावे असेही नाही. ज्येष्ठ नागरिक संघांची सभासदसंख्या प्रत्येक उपनगरात शेकड्यांत आहे. आमच्या भागातल्या गणेश मंडळांचे कार्यकर्ते दहा दिवस रात्रंदिवस गर्दी सांभाळतात; त्यांच्यापैकी पाच जणांनी वर्षभर आळीपाळीने एकेका रुग्णाला शेकासाठी टॅक्सीने नेऊन आणले, तरी सोबतच्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचेल. हाऊसिंग सोसायटीत कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की आपण जिन्यात आवाज खाली आणून बोलतो आणि त्या घराची बेल वाजवायची टाळतो. त्याऐवजी ‘गुरुवारी चार ते सहा मी बसते, तुम्ही बाजारहाट करून या’ असे सांगणारी शेजारीण त्या घराला हवी आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. पुढच्या 4 फेब्रुवारीला फळवाटपाची छायाचित्रे छापण्याऐवजी त्याच जागेत शहरातल्या रुग्णसेवी संस्थांना कोणत्या वारी, कोणत्या वेळी आणि कोणत्या कामासाठी माणसे हवी आहेत, ते त्यांना विचारून छापावे. आमच्या धर्मशाळेपुरते आजच सांगतो: मंगळवार आणि शनिवार, दुपारी दोन ते पाच, कोणीही नाही. फॉर्म भरता येणारी एक व्यक्ती हवी, भोजपुरी किंवा बंगाली समजत असेल तर फारच उत्तम. आणि मजल्यावर दुसरा मिक्सर हवा आहे, वापरलेला चालेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, लालबाग, मुंबई