विषय: गच्चीवरचा नेटचा डबा आणि फायबरची परवानगी

अध्यक्ष काका, नमस्कार.

मी बी विंगची, चौथ्या मजल्यावरची. रविवारच्या अजेंड्यावर "इंटरनेटसाठी एकाच कंपनीला परवानगी" हा विषय बघितला म्हणून आधीच लिहितेय, कारण मीटिंगमध्ये पार्किंग आणि पाण्यातच सगळा वेळ जातो आणि हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत पास होऊन जाईल.

आधी काय होतंय ते सांगते. माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप). वायफायवर नाही, लॅपटॉपला थेट वायर लावून चेक केलं. सकाळी सहाला ९४ येतो, तो बरोबरच आहे, १०० च्या पोर्टवर (वायर लावायच्या खाचेवर) तेवढाच येतो. रात्री नऊला १४. पंधरा दिवस रोज वहीत लिहून ठेवलंय. शेजारच्या वहिनींनी वैतागून २०० चा प्लॅन घेतला, दर महिन्याला जास्त पैसे भरतात आणि त्यांच्याकडेही ९४ च्या वर एकदाही गेलं नाही.

का जात नाही ते प्लंबरबरोबर गच्चीवर गेले तेव्हा कळलं. टाकीच्या मागे तो गंजलेला पत्र्याचा डबा आहे ना, त्याचं दार सुतळीने बांधलंय, आत नेट घराघरात वाटणारा आठ पोर्टचा स्विच आणि त्यावर छापलंय १०/१००, म्हणजे एका पोर्टवर जास्तीत जास्त १०० एमबीपीएस. म्हणजे एका पोर्टला नेट येतं १०० चं आणि उरलेल्या सात पोर्टांवरची सात घरं तेच १०० वाटून घेतात. सकाळी सगळे झोपलेले म्हणून मला एकटीला मिळतं, रात्री सातही घरांत टीव्ही लागले की झालं. प्लॅन ५०० चा घ्या, त्या डब्यातून १०० च्या वर काही उतरणारच नाही.

शिवाय डब्याला सप्लाय गच्चीच्या दिव्याच्या लाईनवरून. लाईट गेली की घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू आणि नेट बंद. गेल्या जूनमध्ये वीज कडाडली तेव्हा डब्यातून घरात येणाऱ्या तांब्याच्या वायरीतून झटका खाली आला, राउटरचं पोर्ट जळालं, दुसऱ्या दिवशी सकाळी माझा इंटरव्ह्यू होता, तो मी खाली गेटजवळ रेंज शोधत मोबाईलवर दिला.

फायबर म्हणजे काचेची तार, त्यातून उजेड जातो, करंट जात नाही, त्यामुळे असा झटका त्यातून घरात येतच नाही. घराघरात जे फायबर देतात त्यात बहुतेक ठिकाणी एका मेन फायबरवर साधारण २.५ जीबीपीएस (म्हणजे २,५०० एमबीपीएस) असतं, ते ३२ नाहीतर ६४ घरांत वाटतात. ३२ घरं धरली आणि सगळ्यांनी एकदमच ओढलं तरी प्रत्येकी ७० च्या वर राहतं, आणि असं सगळे एकदम ओढतात कुठे? वाटणी करणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणजे लाईट गेली तरी आपल्या इन्व्हर्टरवर नेट चालू राहतं.

काही जण एअरफायबर, म्हणजे वायरीशिवाय टॉवरवरून येणारं नेट, घेऊ म्हणतायत. जिओ, एअरटेल दोघांनी २०२३ पासून सुरू केलंय, पण नावात फायबर असलं तरी टॉवरपासून घरापर्यंत ते वायरलेसच आहे, बऱ्याच ठिकाणी ५जी, टॉवरवर गर्दी झाली की स्पीड उतरणार. शिवाय त्याचा अँटेना बहुतेक वेळा गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीला ठोकावा लागतो आणि आपलं वॉटरप्रूफिंग आत्ताच झालंय. फायबर पोचत नाही तिथे ते चांगलं आहे, आपल्या गेटसमोरून तर फायबर गेलीये. ए विंगमधल्या आजोबांचं नेट जुन्या फोनच्या लाईनवरून येतं, त्यावर कागदोपत्री जास्तीत जास्त २४ एमबीपीएस आणि एक्सचेंजपासून जितकं लांब तितकं कमी, अपलोड तर जेमतेम १, त्यावर नातवाचा व्हिडिओ कॉल अडकणारच.

म्हणून विनंती एकच, एकाच कंपनीला परवानगी देऊ नका. निदान दोन फायबरवाल्यांना येऊ द्या, एकाची लाईन तुटली तर दुसऱ्याकडे जाता येईल आणि रेटही आटोक्यात राहतील. ड्रिलिंग आणि लोंबत्या वायरींची तुमची काळजी मला पटते, पण टेलिफोनचा डक्ट तळापासून वरपर्यंत जवळजवळ रिकामाच आहे, त्यातूनच ओढायचं, स्प्लिटरचा बॉक्स तळमजल्यावर मीटर रूमच्या बाहेर, खिडक्यांवरून एकही वायर नाही, आणि जुन्या काळ्या वायरी ज्याच्या त्याने काढून न्यायच्या, ही अट परवानगीतच लिहून घ्या.

रविवारी गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवा. मी मीटिंगच्या अर्धा तास आधी येते, तो डबा तुम्ही आणि सेक्रेटरी स्वतः बघा. वहीही आणते.

बी विंग, चौथा मजला